सात नंबरचं नाव

पाठीवर निळीने घातलेले आकडे सकाळी आठपर्यंत टिकले. सव्वाआठला आठही डुकरिणी डबक्यात लोळून उठल्या आणि एकजात सारख्या झाल्या.

भिंतीवर वही घेऊन बसलेला गहिनीनाथ बघतच राहिला. आदल्या संध्याकाळी एकेकीच्या मागे धावून, दोनदा आपटी खाऊन, त्याने हे आकडे घातले होते. आता समोर आठ चिखलाळ पाठी होत्या, आणि त्यांतली एक नंबर कोणती नि पाच नंबर कोणती हे सांगायला ब्रह्मदेवच खाली यायला हवा होता.

ब्रह्मदेव काही आला नाही. दोन हातांत दोन बादल्या घेऊन एक मुलगी आली.

"गेले व्हय धुऊन, सायेब?" तिने विचारलं.

"यात हसायला काय झालं?"

"आजून हसले न्हाई. हसू का?"

गहिनीनाथला यावर काही सुचलं नाही. त्याचं हे नेहमीचंच होतं. उत्तरं त्याला सुचत, पण सावकाश, अंथरुणावर पडल्यावर… आणि तोवर समोरचं माणूस निघून गेलेलं असे.

मुलीने बादल्या खाली ठेवल्या. हात पदराला पुसले आणि भिंतीपाशी येऊन उभी राहिली.

"लिवा," ती म्हणाली. "ती कान फाटकी, ती लंकाबाई. आमच्या भावकीत हाय आशी एक. लग्नात पयल्या पंगतीला बसती आन् शेवटच्या पंगतीला उठती. तिच्या मागं चिकटून हाय ती बनुबाई. नाकावर काळा ठिपका ती मुक्ताबाई. सख्ख्या बहिनी दोघी, पर एकमेकीला पान्यात बघत्यात."

गहिनीनाथ भराभर लिहू लागला. सहा नावं झाली, सातवीपाशी त्याने मान वर केली. "आणि ती? कोपऱ्यात तोंड फिरवून उभी आहे, ती?"

मुलीने कोपऱ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा कोपऱ्याकडे.

"तिला आजून नाव न्हाई," ती म्हणाली. "तिचा तुमचा आकडाच ऱ्हाऊ द्या."

त्याने लिहिलं — सात. "आणि तुझं नाव?"

"मलाबी आकडा देताय का काय?" ती म्हणाली, आणि आता मात्र खरोखर हसली. "छबू."

एकाहत्तर सालचा जेठ सरत आला होता. नगरहून नेवाशाकडे जाणाऱ्या रस्त्याला, बाभळींच्या आड, विलायती पांढऱ्या डुकरांचं एक सरकारी केंद्र होतं. गावातले लोक त्या बाजूने जाताना नाकाला धोतराचा सोगा लावत. गहिनीनाथ पुढच्या शिक्षणासाठी म्हणून तिथे आला होता. गाभण डुकरिणी एकत्र ठेवल्या तर गव्हाणीवर कोण आधी येते, कोण कुणाला हुसकते आणि कोण मागे राहते, हे रोज सकाळी टिपायचं, हा त्याचा अभ्यास. नेवासा तालुक्यातल्या त्याच्या घरी मात्र, मुलगा गाईंवर शिकतो आहे अशी समजूत होती. ती त्याने मोडली नव्हती. हा विषय घेतल्यापासून, सांगू सावकाश, असं म्हणत त्याने ते वर्षभर पुढे ढकललं होतं.

छबू राखणदार आसारामची मुलगी. मूळ पाथर्डीकडची माणसं. दर वर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जाणारी. आसारामच्या पायावर उसाची गाडी गेली, तेव्हा तोडीला रामराम ठोकून त्याने ही राखण धरली. बापलेक केंद्राच्याच आवारात राहत. आधीचा गडी खाद्यात ढवळाढवळ करायचा म्हणून मोठ्या साहेबांनी त्याला तडकाफडकी घरी पाठवलं, आणि त्याच्या जागी छबूला हंगामापुरतं रोजावर घेतलं होतं.

"किती दिस बसनार हितं?" तिने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. तेवढ्यात पिलं होतात यांना."

"आन् मंग?"

"मग काय… जाणार."

"बरं हाय," ती बादली उचलत म्हणाली. "तुमाला जायाचा दिस आदीच म्हाईत हाय."

रोज सात वाजता ती येई. भरडा, कोंडा, पेंड आणि वरून साखर कारखान्याची मळी, असं कालवून गव्हाणीत ओती. दिवसातून एकदाच खाणं, त्यामुळे बादलीची कडी वाजली की आठही जणी एकदम धावत. लंकाबाई आधी पोचायची आणि गव्हाणीच्या बरोब्बर मधोमध उभी राहायची. डावीउजवीकडे एकेक खांदा मारला की दोघी बाजूला. बनुबाई नि मुक्ताबाई एकमेकींचे कान चावत जागा धरायच्या. आणि सात नंबर चार पावलं यायची, थांबायची, भिंतीकडे तोंड फिरवायची. जणू मला भूकच नाही! सगळ्यांचं आटोपलं की तळाला राहिलेलं चाटायची.

"आसं का करती ही?" छबू विचारी.

"भांडण टाळते. एकदा मार खाल्ला की जनावर पुन्हा त्या वाटेला जात नाही."

"मारानं न्हाई काय. तिला वाटतं, कुनीतरी या म्हनावं."

"हे तुला तिने सांगितलं?"

"तुमाला लंकाबाईनं सांगितलं का, ती मदी का उभी ऱ्हाती? तुमी लिवताच की."

गहिनीनाथने वहीत डोकं घातलं. पण आता सकाळी सातची तो वाट पाहू लागला होता, आणि ती काही डुकरिणींसाठी नव्हे. तिच्या हाताला मळीचा गोड, करपट वास येई. श्रावणात एका सकाळी नावाला चार थेंब पडले, तेव्हा दोघं पत्र्याखाली उभी राहिली. पाऊस दहा मिनिटांत आटोपला. दोघं अर्धा तास उभी होती.

"थांबला पाऊस," शेवटी तो म्हणाला.

"कवाच," छबू म्हणाली. पण हलली नाही.

श्रावण संपताना वजनं झाली, आणि गहिनीनाथ चक्रावला. सात नंबर वाळायला हवी होती. तिचं वजन अकरा किलोंनी वाढलं होतं! त्याने काटा तपासला. स्वतः काट्यावर उभा राहून पाहिलं. काटा बरोबर होता. छबू मात्र त्या सगळ्या वेळात बाभळीवरचे पक्षी बघत होती, आणि बाभळीवर एकही पक्षी नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो भिंतीवर बसला नाही. पाणी आणायला जातो असं सांगून मागच्या बाजूने आला आणि बाभळीआड उभा राहिला. छबूने गव्हाणीत बादली ओतली. सगळ्यांची तोंडं खाली जाईपर्यंत थांबली. मग दुसरी बादली घेऊन पार पल्याडच्या टोकाला गेली, तिच्यातलं चार ओंजळी खाद्य फरशीवर लांबट पसरलं आणि वाकून हळूच काहीतरी पुटपुटली. सात नंबरने कान टवकारले, आणि तुरुतुरु थेट तिच्यापाशी.

"छबू!"

ती दचकली. बादली कलंडली.

"दोन महिन्यांच्या नोंदी आहेत माझ्या! सगळ्या पाण्यात! सगळ्यांना एकाच जागी घालायचं, कुणी मध्ये पडायचं नाही, असं लिहून दिलंय साहेबांनी. आधीचा गडी कशाने गेला ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय." तिचा चेहरा उतरला होता, आवाज नाही. "पर तिच्या पोटात पिलं हायती. तुमी बघत बसला आन् लिवत बसला… मला न्हाई बसवलं बघत."

गहिनीनाथ रागाने निघून गेला, आणि दुपारपर्यंत रागावलेला राहिला. मग खोलीत वही उघडून बसला, तेव्हा त्याला सावकाश सुचलं. लंकाबाई मध्ये उभी राहून सगळ्यांना अडवू शकते, कारण गव्हाण एकच आहे. खाणं दोन टोकांना असेल, तर ती राखणार कुठलं? पोरीने त्याच्या नोंदी बिघडवल्या नव्हत्या. त्याला जे वर्षभर सापडलं नसतं ते चार ओंजळींत दाखवलं होतं.

संध्याकाळी तो आसारामच्या झोपडीपाशी गेला. छबू चूल फुंकत होती.

"उद्यापासून दोन्ही टोकांना ओत," तो म्हणाला. "लपून नाही, उघड. मी तारीख घालून लिहितो."

"आन् राग?"

"संपला."

"लवकर संपला," ती म्हणाली. "मी तर चार दिस धरले हुते."

पुढचे दिवस गहिनीनाथच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे त्याला अर्थात नंतर कळलं. दोन टोकांना खाणं पडू लागल्यावर लंकाबाईची जी तारांबळ उडाली! इकडे खायची, तिकडे पळायची, परत यायची; तोवर दोन्हीकडे निम्मं संपलेलं. छबू हसून हसून भिंतीला टेकायची. सात नंबर पल्याडच्या टोकाला निवांत जेवायची.

भादव्यात एका सकाळी छबू हसली नाही.

"आमच्या गावाकडनं सोयरीक आलीय," बादली घासता घासता ती म्हणाली. "मच्छिंद्र म्हनून हाय एक. तोडीला नवराबायकोचा मिळून एक कोयता धरत्यात. एकल्या गड्याला मुकादम घेत न्हाई. म्हनून घाई हाय त्यांना. दसऱ्याला होकार मागत्यात, लगीन तुळशीच्या लग्नामागं."

"आणि तू?"

"मला कोयता न्हाई धरायचा. आई त्यातच गेली माझी, उसाच्या फडात." तिने बादली पालथी घातली. "बा म्हनतो, हितं कायमचं काम लागलं तर न्हाई धाडत. डुकरांची पोरगी म्हनून दुसरं कुनी इचारत न्हाई… आन् इचारनारं कुनी आसंल, तर ते बोलत न्हाई."

गहिनीनाथने वही मिटली. "बोलेल," तो म्हणाला. "नवरात्रात मोठे साहेब येतायत. हे दोन टोकांचं तू केलंस, ते मी त्यांना सांगतो. तुझं काम कायम करायला सांगतो. आणि पिलं झाली की घरी जाऊन… आपलंही सांगतो."

"आपलं म्हंजी?"

"छबू…"

"न्हाई, म्हंजी नीट सांगा की. लिवताना तर पानंच्या पानं लिवता."

"आपलं म्हणजे आपलं," तो म्हणाला. छबूने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं सांगायची गरज उरली नाही. असं त्याला वाटलं. पण गरज होती.

"सायबाला सांगा मातर," जाता जाता ती म्हणाली. "तेवढं एक तरी. बाकीचं मी धरते सबूर."

सातव्या माळेला मोठे साहेब जीपमधून उतरले. गोठ्यातून एक फेरी मारली, भिंतीपाशी खुर्ची टाकून वही चाळू लागले. छबू चार हात अंतरावर बादली घेऊन उभी होती. तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं, केसांत झेंडूचं फूल खोचलं होतं.

साहेबांचं बोट एका पानावर थांबलं. भुवया वर गेल्या.

"ही दोन ठिकाणी ओतायची भानगड कुणाच्या डोक्यातली?"

आवाज करडा होता. आधीचा गडी वळकटी डोक्यावर घेऊन फाटकातून जाताना गहिनीनाथच्या डोळ्यांपुढे आला. छबूकडे न बघता तो म्हणाला,

"माझ्या, सर."

साहेबांनी दोन पानं उलटली. वजनं पाहिली. मग वही मिटून त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. "अरे, शाब्बास! यावरच लिही तू. हेच सापडायला हवं होतं!"

आणि मग चहा आला. छबूनेच केला, छबूनेच आणला. साहेबांनी कप उचलला आणि सहज विचारलं, "ही कोण?"

बोलायला याहून सोपी जागा देवानेही कुणाला दिली नसती. कप गरम होता, साहेब खुशीत होते. गहिनीनाथच्या पाठीवरची थाप अजून उबदार होती.

"राखणदाराची मुलगी, सर," तो म्हणाला. "खाद्य घालते."

साहेबांचा चहा संपायला दहा मिनिटं लागली असतील. त्या सबंध वेळात गहिनीनाथ वजनांबद्दल बोलला, छबूबद्दल नाही. जीप गेल्यावर तो धावत झोपडीकडे गेला. दार लोटलेलं होतं. उद्या सांगू समजावून, असं म्हणून तो परत फिरला.

दुसऱ्या दिवशी खाद्य आसारामने घातलं. तिसऱ्या दिवशीही. सात नंबरला वेगळ्या खणात हलवलं, तिचे दिवस भरले होते. दसऱ्याच्या सकाळी गहिनीनाथ त्या खणाशी उभा असताना छबू आली. हातात आपट्याची पानं होती.

"सोनं घ्या," ती म्हणाली. "सोन्यावानी ऱ्हावा."

त्याने पानं घेतली. द्यायला त्याच्या हातात काहीच नव्हतं. सणासुदीचा दिवस, बाभळीपलीकडे आपटा उभा, आणि त्याला आणायचं सुचलं नव्हतं.

"छबू, तुला काढून टाकतील म्हणून बोललो मी तसं…"

"ठावं हाय. मलाबी तसंच वाटलं पयल्यांदा." ती खाली बघत बोलत होती. "सायबाचा आवाज ऐकून मीबी भ्याले. म्हनलं, मला वाचवाया बोलला. बरं वाटलं, खोटं कामून सांगू? पर सायबानं पाठ थोपटल्यावर… तवा कुनाला वाचवत हुता तुमी?"

गहिनीनाथला खोटं बोलता आलं असतं. ती कदाचित ते मानूनही घेती. तिच्या डोळ्यांत तेवढी जागा अजून शिल्लक होती.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. आणि हे मात्र अगदी खरं होतं.

छबूने मान हलवली. निघाली मात्र नाही. ती कशाची तरी वाट पाहत होती हे त्याला दिसत होतं. थांब, नको जाऊस, मी आत्ता जाऊन सांगतो, साहेबांना, घरी, सगळ्यांना… शब्द सगळे होते. एकही ओठाशी आला नाही.

"काल होकार दिला बानं," ती म्हणाली. "मीच म्हनलं, द्या." मग खणात वाकून सात नंबरच्या कानामागे तिने खाजवलं, काहीतरी पुटपुटली आणि निघून गेली. 'काल दिला तर आज मोडता येईल,' हे वाक्य गहिनीनाथला त्या रात्री अंथरुणावर सुचलं.

त्याच रात्री, पहाटे पहाटे, सात नंबरला नऊ पिलं झाली. नऊच्या नऊ जगली. लंकाबाईला सहा झाली.

तुळशीचं लग्न झालं आणि छबूचंही झालं. गहिनीनाथ घरी गेला, डुकरांचं सगळं खरं सांगून आला. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी बोलली. एवढंच होतं ते. एवढ्याला तो वर्षभर भ्याला होता. अहवालात त्याने लिहिलं, दोन टोकांना खाद्य दिल्यास मागे राहणाऱ्या डुकरिणीही पोटभर खातात, असे आढळून आले. ते वाचून साहेबांनी पुन्हा पाठ थोपटली. आता ती थाप त्याला लागली.

मार्गशीर्षात पिलं आयांपासून तोडली आणि आठही जणी पुन्हा एकत्र आल्या. त्या सकाळी आसारामचा पाय सुजला होता, म्हणून बादल्या गहिनीनाथने घेतल्या. गव्हाणीत ओतलं. पल्याडच्या टोकाला जाऊन फरशीवर लांबट पसरलं. सगळ्या तुटून पडल्या. सात नंबर चार पावलं आली, थांबली, आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ये… ये…" त्याने हाक मारली. ती हलली नाही.

"आशी न्हाई यायची ती," दारातून आसाराम म्हणाला. "नाव घ्यावं लागतं."

"नाव? तिला तर नाव नव्हतं, आसारामकाका."

"व्हतं की! पोरगी तिला सायेब म्हनायची." म्हातारा हसला. "म्हनायची, बा, ह्येला भूक लई हाय, पर हाक मारल्याबिगर फुडं यायचं न्हाई. तुमी नवे आला ना वही घिऊन, त्या पयल्याच दिसापासनं. तुमाला न्हाई सांगितलं व्हय? लई खोडकर." आणि लेकीच्या आठवणीने डोळे पुसत तो लंगडत झोपडीकडे गेला.

गहिनीनाथ तिथेच उभा राहिला. आसारामची पाठ दिसेनाशी होईपर्यंत थांबला. मग छबू वाकायची तसा वाकला.

"सायेब…" तो हळूच म्हणाला. "सायेब, ये… ये…"

सात नंबरने कान टवकारले. लंकाबाईच्या अंगावरून, बनुबाई-मुक्ताबाईच्या मधून, कुणाकडे न बघता ती थेट आली आणि त्याच्या पायाशी तोंड घालून खाऊ लागली. एका हाकेत आली.

बादली हातात धरून गहिनीनाथ तिच्याकडे बघत राहिला. जेठापासून दसऱ्यापर्यंत छबूने आपल्याला किती हाका मारल्या, ते तो एकेक करून आठवू लागला.